रंगूबाईनं मागितलेली करवली

मळेवाडीत रंगूबाईच्या दारावरनं जाताना माणसं आवाज खाली करत. कुत्र्याची भीती म्हणावी, तर तिनं कधी कुत्रं पाळलं नाही. "दोन पायांची गावात काय कमी हायत, आनी चार पायांचं कशाला आनू?" असं ती म्हणे. माणसं भीत ती तिच्या नजरेला. ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडं अशी बघायची, की इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला आपलं धोतर फाटलंय की काय असं वाटावं.

साठीला टेकलेली, काटक, काळीसावळी बाई. नवरा जोतीराम फौजेतनं सुभेदार होऊन परतलेला. तोफखान्यात नोकरी झाल्यामुळं त्याचा डावा कान कायमचा गेला होता, आणि उरलेल्या कानानं तो फक्त बायकोचं ऐकतो असं गावातली टवाळ पोरं म्हणायची. रंगूबाईचं अर्धं आयुष्य फॅमिली क्वार्टरात गेलं, त्यातलं बरंचसं आसामकडं. तिथं ती हिंदी शिकली. त्या हिंदीत व्याकरणाचा पत्ता नव्हता, पण ऐकणारा जागच्या जागी उभा राहील एवढी धार होती.

आसामात असताना एका वर्षी त्या मुलखात दोन जमातींचं फाटलं, गावंच्या गावं जळाली आणि हजारो माणसं शाळांच्या पटांगणात ताडपत्रीखाली येऊन पडली. साहेबांच्या बायका ब्लँकेटं वाटायच्या आणि जवानांच्या बायका ती डोक्यावरनं वाहून न्यायच्या. तिथं रंगूबाईनं एक बाई बघितली. चांगल्या साडीतली, गोड बोलणारी, पोरांना बिस्किटं देणारी. सगळ्यांची मावशी झाली होती ती. दिल्लीला काम लावून देते म्हणून वयात आलेल्या पोरी घेऊन ती गेली आणि पुन्हा दिसली नाही. पोरीही दिसल्या नाहीत. पुढं कितीतरी दिवस त्या पोरींच्या आया रस्त्यावरनं जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून थांबवायच्या. लढाई करणारी माणसं वाईट खरी, पण मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला मागनं येणारी त्यांच्याहून हलकी, हे रंगूबाईनं तेव्हाच मनात पक्कं केलं होतं.

तशी माणसं आपल्याच माहेरच्या ओट्यावर चहा पीत बसतील, असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

माहेर म्हणजे वाटेपलीकडचाच बंगला. तिथं तिचा धाकटा भाऊ आकाराम राहायचा. उसाचं चांगलं बागायती रान, दारात दोन ट्रॅक्टर, आणि गावच्या सोसायटीचं चेअरमनपद एकदा भोगून झालेलं. ते पद गेलं तरी त्याच्या चालण्यातनं गेलं नव्हतं. महिला दिनाला शाळेत पाहुणा म्हणून हाच. "स्त्री ही घराची लक्ष्मी" असं सुरू करून तो पाऊण तास बोलायचा, आणि घरी आल्यावर पाण्याचा तांब्या हातात मिळायला उशीर झाला की बायकोच्या, शेवंताच्या, सात पिढ्या उद्धरायचा.

त्याचा एकुलता एक पोरगा वीरधवल. नावात वीर होता, अंगात आळस. पंचविशीत त्याला स्थळं येत होती तेव्हा बापलेकांनी पोरी नाकारण्याचा सपाटाच लावला होता. एक बुटकी, एकीच्या बापाला रान कमी, एक लयच शिकलेली. कडेपूरच्या एका पोरीला तर "जरा चालून दाखव" म्हणाले होते. मग काळ फिरला. पोरींनीच विचारायला सुरुवात केली, की मुलगा नोकरीला आहे का, पुण्यात घर आहे का. "बागायती ऊस हाय," असं सांगितलं की पलीकडनं फोन बंद व्हायचा. वीरधवलची पस्तिशी उलटली, डोक्यावरचं रान विरळ झालं, पण वाढदिवसाचे फ्लेक्स काही थांबले नाहीत. "पोरींस्नी अक्कल आली," रंगूबाई म्हणायची, "ह्या जिल्ह्यात झालेली एवढीच काय ती सुधारणा."

असं असताना माघाच्या सुरुवातीला, तोडीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर धावत होते त्या दिवसांत, गावात बोलबाला झाला की वीरधवलचं जमलं. नवरी लांबची आहे. मणिपूरची. तिकडं दंगली पेटून वर्ष उलटून गेलं होतं, माणसं अजून छावण्यांत होती. पोरगी अनाथ आहे, एकोणीस वर्षांची आहे, आणि चेअरमनसाहेब मोठ्या मनानं तिला पदरात घेत आहेत. हे सगळं जुळवून आणणारा होता मलकापूरचा सूरज. एका मोबाइलच्या दुकानावर माडीला त्याचं लग्न जुळवणीचं ऑफिस होतं. अंगाला अत्तर, दोन्ही हातांत फोन. बघता बघता त्यानं आसपासच्या चार-पाच गावांत अशा लांबच्या नवऱ्या पोचवल्या होत्या, आणि त्याला कुणी दलाल म्हणत नव्हतं. सूरजभाऊ म्हणत.

रंगूबाई नवरी बघायला गेली.

शेवंतानं तिला मागच्या खोलीत नेलं. खोलीची कडी बाहेरनं होती. आत एक नाजूक चणीची पोरगी परातीत तांदूळ निवडत बसली होती. बारीक डोळे, केसांची घट्ट वेणी, आणि अंगावर शेवंताची जुनी साडी, दोनदा गुंडाळली तरी उरलेली.

"बघा की वन्सं," शेवंता कौतुकानं म्हणाली, "कामाला लय झ्याक हाय. सांगंल ती करती. खाती बी कमी. आमी नाव लक्ष्मी ठेवलंय."

"दात बगितलंस का?"

"आं?"

"म्हस घेताना बगत्यात ते."

शेवंता हसली. तिला ती चेष्टा वाटली. रंगूबाईनं तिला गवती चहा घालून चहा टाकायला पिटाळलं आणि स्वतः पोरीसमोर फरशीवर मांडी घातली.

"बेटी, नाम क्या है तेरा?"

तांदळातला हात थांबला. ह्या घरात आल्यापासनं तिला कळेल अशा भाषेत कुणी काही विचारलंच नव्हतं. "लक्ष्मी," पढवल्यासारखी ती म्हणाली.

"वो इनका रखा हुआ है. माँ का रखा हुआ बोल."

पोरीनं एकदा दाराकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "लिंथोई."

पुढचं तुकड्या-तुकड्यानं आलं. गाव जळालं त्या रात्री बाप गुरं सोडायला मागं फिरला तो आलाच नाही. आई, ती आणि धाकटी बहीण बेमबेम छावणीत राहिल्या. दहावीची परीक्षा राहून गेली. छावणीत एक बाई यायची. लिंथोईला नर्सिंगला घालते, धाकटीला बोर्डिंगच्या शाळेत घालते म्हणाली. आईनं स्वतःच्या हातानं दोघींच्या वेण्या घालून पाठवलं. गुवाहाटीला ती बाई उतरली आणि सूरज चढला.

"माँ जिंदा है?"

"है. कैंप में. उसको मालूम है हम लोग पढ़ रहे हैं."

"और बहन?"

पोरीनं परात बाजूला सारली. "सूरज अंकल के पास. मैं शादी करूँगी तो वो स्कूल जाएगी. नहीं करूँगी तो…" ती थांबली. "बोला, उसको दूसरी जगह दे देगा."

"कितनी बड़ी है?"

"नौ साल."

"और तू?"

"इधर उन्नीस बोलने को बोला है," लिंथोई म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "सोलह."

रंगूबाईनं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला नाही. त्या डोक्यावरनं गेल्या काही महिन्यांत ज्यांनी ज्यांनी हात फिरवला होता, त्यांनी तिला पुढं विकलं होतं. "बहन की बात मुझे बताई, ये किसी को मत बोल," एवढंच म्हणून ती उठली. चहा तिनं घेतला नाही.

ओट्यावर आकाराम आणि गावचा पोलीस पाटील भाऊसो बसले होते. भाऊसो म्हणजे बशीतनं फुर्र करून चहा पिणारा, आणि गावात काय चाललंय हे सगळ्यांच्या आधी कळूनही सगळ्यांच्या नंतर बघणारा माणूस.

"आकाराम, पोरगी सोळा वरसाची हाय."

"आक्का, तिकडच्या लोकांचं वय कळतंय व्हय? बारीक चणीची आसत्यात ती."

"तिची आय जित्ती हाय."

आकारामनं भाऊसोकडं बघितलं. भाऊसोनं बशीकडं बघितलं.

"आसंल," आकाराम म्हणाला. "पर तिकडं लडाई चाललीया. हितं पोरगी दोन येळ जेवतीया. आमी आधार दिलाय आक्का, आधार! गाव नाव काडंल."

"आधार दिलास तर लेक म्हनून ठेव की! शाळंत घाल. पोराच्या गळ्यात बांदायची ही आधाराची कंची तऱ्हा रं? उद्या ह्या भाऊसोच्या घराला आग लागली, तर त्याच्या नातीला बी आपुन आसाच आधार द्यायचा का?"

भाऊसोच्या नाकात चहा गेला. "आक्का, तोंड आवरा. शुभकार्य हाय."

"पोलीस पाटील हायस न्हवं तू? गावात अजान पोरीचं लगीन लागतंय, तुझं काम काय मग? अक्षता टाकायचं?"

"ह्ये घरातलं हाय," भाऊसो म्हणाला. "घरातल्यात मी पडत न्हाई."

"पडू नगंस. बशीत पड, बुडशील तरी," असं म्हणून रंगूबाई पायऱ्या उतरली. मागनं आकाराम ओरडला, की तुला पोटी पोर नाही म्हणून भाच्याचं चांगलं बघवत नाही. ते तिला लागलं. पण लागलेलं दाखवण्याच्या लायकीची माणसं त्या ओट्यावर नव्हती.

घरी जोतीराम गोठ्यात वैरण टाकत होता. उजव्या बाजूला उभी राहून तिनं त्याला सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "फोन लाव."

"लावते. पर आवं, धाकटी त्या सूरजच्या ताब्यात हाय. हितं गाडी आली, की तिकडं तो पोरीला गायब करंल. मग थोरलीला सोडवून काय करायचं?"

पोरांच्या मदतीच्या नंबरला, एक-शून्य-नऊ-आठला, फोन लागला, तिथनं सांगलीला लागला, आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात एका रसवंतीच्या बाकड्यावर रंगूबाईची उत्कर्षाशी गाठ पडली. उत्कर्षा बालसंरक्षणाचं काम करणारी पोरगी, तिशीच्या आतली, पाठीला सॅक, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. रंगूबाईनं आधी तिलाही वरनं खालपर्यंत जोखून घेतलं. पण उत्कर्षानं मध्ये एकदाही "अरेरे" केलं नाही. तिचं पहिलं वाक्य होतं, "धाकटी कुठंय ते कळेपर्यंत आपण कुणी तोंड उघडायचं नाही." तिथंच ती रंगूबाईला पसंत पडली.

उत्कर्षानं वरच्या पोलिसांच्या पथकाला कळवलं. त्यांनी मलकापुरात साध्या कपड्यातली माणसं फिरवली. पण सूरजच्या तीन-चार जागा होत्या आणि पोरगी नेमकी कुठं ठेवलीय त्याचा पत्ता लागेना. लग्न तर तोंडावर आलं होतं.

"मी तिला हितंच आनवते," रंगूबाई म्हणाली.

"कशी, मावशी?"

"माज्या भावाला मी तो रांगत हुता तवापास्नं वळखते. त्याला धरम सांगितला तर कळत न्हाई, कायदा सांगितला तर कळत न्हाई. फोटू सांगितला की लगीच कळतंय."

दुसऱ्या दिवशी रंगूबाई खण-नारळ घेऊन माहेरच्या दारात उभी राहिली. आयुष्यात एवढं गिळावं लागलं नव्हतं तिला. चुकलं म्हणाली. वय झालं, जीभ घसरती म्हणाली. आकाराम फुगला. चेअरमन माणसाला माफ करायला फार आवडतं. तेवढ्यापुरतं त्याला आपण मोठे आहोत असं वाटतं.

वीरधवलनं लगेच आत्याला फोनवर फ्लेक्सचं चित्र दाखवलं. मधोमध तो स्वतः, फेटा बांधलेला. बाजूला आकाराम, हात जोडलेला. खाली मोठ्या अक्षरात, 'मणिपूरच्या लेकीला मळेवाडीचा आधार'. पोरीचा फोटो कोपऱ्यात, लिंबाएवढा.

"लय झ्याक," रंगूबाई म्हणाली. मग नाकावर बोट ठेवलं. "पर आकाराम, एक वंगाळ दिसंल बग."

"काय?"

"नवरीच्या अंगानं कोनच न्हाई. मांडवात नवरी एकटी हुबी. ना आय, ना मामा, ना करवली. बगनाराला काय वाटंल? कुटनं तरी पळवून आनल्यावानी दिसंल. उद्या फोटू समद्या जिल्ह्यात जातील. दोन सायेब बी येनार म्हनतोस. त्येंनी इचारलं, चेअरमन, नवरीचं मानूस कुटाय, तर?"

आकारामच्या कपाळाला आठी पडली. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"तिची एक भन हाय म्हनं धाकटी," रंगूबाईनं अगदी सहज म्हटलं. "सूरजकडं हाय न्हवं? परकर-पोलकं घालून करवली म्हनून हुबी केली, हातात कऱ्हा दिला, की फोटू कसा भरल्यावानी दिसंल! लेकीबरूबर तिच्या भनीला बी आधार, आसं बी लिवता यील."

"आत्या, भारी!" वीरधवल म्हणाला. त्याचे डोळे चमकले. नवरीचं वय, तिची आई, तिची बहीण कुठं आणि का अडकलीय, ह्यातल्या कशानंही त्याचे डोळे कधी असे चमकले नव्हते. रंगूबाईला त्या क्षणी त्याची जी शिसारी आली, ती तिनं हसण्याखाली झाकली.

आकारामनं तिथल्या तिथं सूरजला फोन लावला. सूरज नको म्हणत होता, ते पलीकडच्या चिरक्या आवाजावरनंच कळत होतं. "ती आजारी हाय… प्रवास झेपायचा न्हाई…" आकाराम आधी समजावत होता. मग त्याचा आवाज चढला. "माज्या मांडवात कोन पायजे आनी कोन नगं, ह्ये तू ठरवनार? माडीवरच्या दुकानदारा? करवली आली न्हाई तर लगीन बी न्हाई, आनी तुजा यवहार बी न्हाई! सांगून ठेवतो!"

रंगूबाई खाली मान घालून ऐकत राहिली. भावाच्या गुर्मीचा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होत होता.

शेवटी ठरलं, की सूरज पोरीला हळदीला आणील, फोटो होऊ देईल आणि परत घेऊन जाईल.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव भरला होता. हलगी घुमत होती. वेशीत फ्लेक्स लागला होता. ज्या बायकांनी आयुष्यभर आपल्या लेकींना उजेड आहे तोवर घरी ये म्हणून बजावलं, त्याच बायका दुसऱ्याच्या सोळा वर्षांच्या लेकीला हळद लावायला रांगेत उभ्या होत्या. "नशीब काडलं पोरीनं," असं एकमेकींना सांगत होत्या. लिंथोई पाटावर बसली होती. हळदीनं चेहरा पिवळा झालेला, आणि डोळे वाटेकडं. त्या बायकांतच काठापदराच्या साड्या नेसून उत्कर्षा आणि दोन महिला पोलीस बसल्या होत्या. पाहुण्या कुठल्या, असं कुणी विचारलंच तर रंगूबाई म्हणायची, "आमच्या ह्यांच्याकडच्या."

सूरजची पांढरी गाडी आली. मागच्या दारातनं त्यानं एका पोरीला हाताला धरून खाली उतरवलं. मापापेक्षा मोठा फ्रॉक, तोंड सुकलेलं, ओठाच्या कडेला काळसर वाळलेली जखम. पोरगी क्षणभर त्या सगळ्या गोंगाटाकडं बघत राहिली. मग तिला पाटावरची बहीण दिसली.

तिनं सूरजच्या हाताला हिसका दिला आणि धावली. लिंथोई पाट उलटा करून उठली. दोघी एकमेकींना बिलगून त्यांच्या बोलीत काहीतरी भराभरा बोलत सुटल्या. थोरलीच्या अंगावरची हळद धाकटीच्या फ्रॉकला माखली. हलगीवाल्यानंसुद्धा हात थांबवला. त्या बोलीतला एक शब्द कुणाला कळत नव्हता, पण त्या मांडवात तेवढंच एक खरं बोलणं चाललं होतं.

"चला, चला, फोटो घ्या," सूरज टाळ्या वाजवत म्हणाला. "आमाला निघायचंय."

"तुला निघायचं न्हाई," रंगूबाई म्हणाली.

उत्कर्षा उठली. दोन्ही महिला पोलीस उठल्या. वाटेवर थांबलेलं पथक आत शिरलं. सूरजनं क्षणात ओळखलं आणि तो गाडीकडं पळाला. गाडी त्यानं चालूही केली. पण बोळाच्या तोंडाला जोतीराम सुभेदार आपली जुनी जीप आडवी लावून, बॉनेट उघडून आत वाकून उभा होता. सूरजनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. जोतीरामनं डावी बाजू त्याच्याकडं केली होती. पोलिसांनी सूरजला सीटवरनं बाहेर ओढला तेव्हा कुठं सुभेदारानं मान वर केली आणि विचारलं, "कोन आवाज देतंय का?"

मांडवात मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. कालपर्यंत चेअरमनच्या पंगतीला आधी बसणारी माणसं चपला हुडकायला लागली. ज्याला त्याला अचानक म्हशीची धार आठवली. येणारे साहेब वाटेतनंच परत फिरले. भाऊसो पोलीस पाटील पुढं होऊन म्हणाला, की माझा ह्यावर पहिल्यापासनंच संशय होता. आकाराम हात जोडून, अगदी फ्लेक्समधल्यासारखाच, सांगत होता, "मॅडम, आमी समाजसेवा म्हनून…"

"पोरीचं वय काय?" उत्कर्षानं विचारलं.

आकारामनं बायकोकडं बोट केलं, बायकोनं पोराकडं. वीरधवल मुंडावळ्या बांधल्या कपाळानं जमिनीकडं बघत उभा होता. ज्या घरात लक्ष्मी आणल्याचा गवगवा होता, त्या घरात लक्ष्मीचं वय सांगायला एकही पुरुष पुढं आला नाही.

लिंथोई मात्र उत्कर्षाच्या गाडीतही चढेना. धाकटीला तिनं पाठीशी घातलं होतं. गोड बोलणाऱ्या बाईच्या गाडीत ती एकदा बसली होती. "दोनों एक गाड़ी में?" तिनं रंगूबाईला विचारलं. "एक ही गाड़ी में?"

"एक ही में."

"आप भी?"

रंगूबाई तशीच, पायात चपला नाहीत, गाडीत चढली. सांगलीपर्यंत धाकटी मध्ये झोपली होती आणि थोरली खिडकीबाहेर बघत प्रत्येक गावाची पाटी वाचत होती. कुणाच्याही भरवशावर न राहता वाट ध्यानात ठेवावी, हे ती शिकली होती.

गाव दोन दिवस शरमलं आणि तिसऱ्या दिवशी रंगूबाईवर चिडलं. सख्ख्या भावाचं घर मोडलं म्हणाले. भाच्याचा संसार उधळला म्हणाले. पोरगी तिकडं मेलीच असती, इकडं निदान जगली तरी असती, असंही म्हणाले. चक्कीवर तिच्या पिशवीला नंबर लागेना. रंगूबाई इस्लामपुरातनं दळण आणायला लागली. "गावच्या चक्कीत माती लय यीत हुती," एवढंच तिचं म्हणणं.

एकदा शेताच्या बांधावर वीरधवलनं तिला गाठलं. तो जामिनावर सुटून आला होता. दाढी वाढलेली.

"आत्या, माझं कसं व्हायचं?"

"तुला तिचं वय म्हाईत हुतं?"

तो बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"म्हाईत हुतं," रंगूबाईच म्हणाली. "तुजं कसं बी होऊ दे. मला इचारू नगंस."

त्या पोरींचं कसं व्हायचं, ते ठरायला मात्र बरेच महिने गेले. सांगलीच्या बालगृहात त्यांना ठेवलं होतं. रंगूबाई तिथं जायची, बाकावर बसायची, कधी बोलायची, कधी नाही. धाकटी तिच्या मांडीवर येऊन बसायला लागली. थोरली समोर बसायची. छावणीतल्या आईशी फोन लागला त्या दिवशी लिंथोई तासभर रडत होती आणि रंगूबाई दाराबाहेर उभी राहून कुणाला आत जाऊ देत नव्हती. परत त्या जळत्या मुलखात पोरी पाठवायच्या कशा, ह्यावर बालकल्याण समितीच्या बैठका झाल्या. अखेर त्यांचा मामा शिलाँगला कुठं गॅरेजात कामाला होता तो सापडला, त्याची चौकशी झाली, आईलाही त्यानं तिकडं नेलं, आणि मग उत्कर्षा आणि एक महिला पोलीस दोघींना घेऊन निघाल्या.

मिरज स्टेशनावर रंगूबाई भडंगाची पिशवी घेऊन आली होती. बेमबेमनं गळ्याला मिठी मारली. लिंथोईनं मिठी मारली नाही, पायाही पडली नाही. डब्यात चढताना वळून म्हणाली, "आपका गाँव अच्छा नहीं है."

"मालूम है," रंगूबाई म्हणाली.

घरी परतल्यावर जोतीरामला ते सांगून ती खूप वेळ हसली. पोरगी आता पायावर उभी राहिली, म्हणाली. कुणाचे उपकार मानत बसणारी असती तर तिची काळजी वाटली असती.

खटला पुढच्या वर्षी सांगलीच्या कोर्टात उभा राहिला. बंद खोलीत सुनावणी. आरोपींच्या बाजूच्या वकिलानं रंगूबाईला जमिनीच्या वाटणीबद्दल विचारलं, माहेराशी असलेल्या भांडणाबद्दल विचारलं. ती शांतपणे उत्तरं देत गेली. खोलीला कडी बाहेरनं होती का, ह्याचं उत्तर दिलं. भाऊ काय म्हणाला, पोलीस पाटील काय म्हणाला, सगळं सांगितलं. शेवटी वकील जरा पुढं वाकून, दुःखी तोंड करून म्हणाला, "सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष देताना तुम्हांला वाईट नाही वाटत?"

रंगूबाईनं आरोपींच्या बाकाकडं बघितलं. सूरज भिंतीकडं तोंड करून बसला होता, वीरधवल आपल्या बुटांकडं बघत. आकाराम पांढऱ्या कपड्यांत होता, आणि त्या परिस्थितीतही इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसला होता.

"वाटतं की," ती म्हणाली. "आमच्या आयनं ह्याला अंगावरचं दूध लय वरसं पाजलं. मला लवकर तोडलं. तिचं तेवडं दूध वाया गेलं, त्येचं वाईट वाटतं."

न्यायाधीशबाईंनी मान वर करून बघितलं आणि विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्या म्हणून तिला समज दिली. रंगूबाई म्हणाली, "चुकलं, सायेब," आणि ह्यावेळी ते मनापासनं म्हणाली, कारण समोर बसलेली बाई तिला कामाची वाटली होती.

बाहेर जोतीराम लिंबाखाली उभा होता. काय झालं म्हणून त्यानं विचारलं नाही. पुढची तारीख कधी, एवढं विचारलं. ती म्हणाली, कळवतील. मग दोघं स्टँडकडं चालत गेली, वाटेत भेळ खाल्ली आणि मिळेल ती एसटी धरून घरी आली.